38 लिटरची सॅक, ऑक्टोबरअखेरचं नाक्सोस आणि पुढचे महिने

मे महिन्यात घेतलेली ही सॅक आता फेब्रुवारीपर्यंत वापरून झाली आहे. पावसाळ्यात राजमाची, नाणेघाट, हरिश्चंद्रगड. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात ग्रीसमधली नाक्सोस आणि आमोर्गोस ही दोन बेटं. परत आल्यावर थंडीत रतनगड आणि कळसूबाई. सॅक कशी आहे ते शिवणी ताणल्या जायला लागल्या की कळतं, म्हणून लिहायला इतके महिने थांबले. कंपनीचं नाव घेत नाही. अशाच बांधणीची सॅक चार-पाच कंपन्या काढतात आणि खाली जे लिहिलंय ते बांधणीबद्दल आहे.

माप 38 लिटर, रिकामी असताना वजन साधारण दीड किलो. पाठीला जाळी ताणून बसवलेली, म्हणजे सॅकचा मुख्य भाग पाठीला चिकटत नाही, मधून हवा खेळते. कमरपट्टा जाड, त्यावर दोन छोटे खिसे. वरून तोंड उघडतं, शिवाय पुढून अर्धगोल चेन आहे. पाठीची लांबी कमीजास्त करता येते. बायकांसाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. मान खाली घातल्यावर मानेच्या तळाशी जे हाड हाताला लागतं, तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि त्यावर सॅक निवडा. आपल्या उंचीवर जाऊ नका. माझी पाठ उंचीच्या मानाने आखूड आहे, आणि याआधीच्या सॅकचा कमरपट्टा कायम पोटावर यायचा. पट्टा हाडावर बसला की बहुतेक भार कंबर घेते आणि खांदे संध्याकाळी भरून येत नाहीत. हा फरक पहिल्याच तासात जाणवला आणि आजही जाणवतो.

पण मला मुख्य सांगायचंय ते सीझन संपतानाच्या ग्रीक बेटाबद्दल, कारण सॅकचं माप किती असावं याचं उत्तर मला तिथे मिळालं.

ऑक्टोबर संपत आला की किक्लाडिस, म्हणजे नाक्सोस आणि आमोर्गोस ज्या बेटसमूहात येतात त्या बेटांचं वेळापत्रक आक्रसतं. कॅटामरान या वेगवान बोटी एकेक करून बंद होतात आणि मोठी, संथ जहाजं उरतात. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून नाक्सोसला त्यांना पाच तासांच्या वर लागतात. बेटावरच्या बसच्या फेऱ्या कमी होतात आणि उरलेल्या शाळेच्या वेळेशी जुळलेल्या असतात. किनाऱ्यावरचे टॅव्हर्ना, म्हणजे छोटी खाणावळीवजा हॉटेलं, खुर्च्या एकावर एक रचून कुलूप लावतात. स्कूटर भाड्याने देणारे गाड्या शेडमध्ये घालतात. ऐन उन्हाळ्यात सामान या हॉटेलातून त्या हॉटेलात पोचवून देणारा कोणीतरी भेटतो, ऑक्टोबरअखेर तसं कोणी नसतं. जे आणलंय ते सगळं दिवसभर तुमच्या पाठीवर. अशा वेळी 38 लिटर आणि 65 लिटर यांत वजनाचा फरक आहेच, पण त्याहून मोठा फरक बेत बदलता येण्याचा आहे. बस चुकली तरी पुढच्या गावापर्यंत चालत जाता येतं का? खोली आवडली नाही तर पाठीवर सॅक टाकून दुसरी शोधायला निघता येतं का? पाण्यासकट आठ-नऊ किलो असेल तर दोन्हीला हो म्हणता येतं.

जहाजावरही याचा फायदा झाला. मोठ्या फेरीबोटीत गाड्यांच्या मजल्यावर बेटांची नावं लिहिलेले रॅक असतात, मोठं सामान तिथे ठेवून वर जायचं. उतरताना सगळे त्या रॅकभोवती गर्दी करतात, बाजूने ट्रक सुरू होत असतात, जहाज मागे सरकत धक्क्याला लागताना फळी खाली येत असते आणि बंदरात थांबणं काही मिनिटांचंच असतं. माझी सॅक वर खुर्चीपाशी मावली. उतरताना मी सरळ फळीवर.

नाक्सोस निवडलं त्याचं कारण तिथली शेती. किक्लाडिसमधलं हे सगळ्यांत मोठं बेट. बटाटा, ग्राव्हिएरा चीज, ऑलिव्ह, शेळ्यामेंढ्या यांवर डोंगरातली गावं बारा महिने चालतात. पर्यटक गेले म्हणून फिलोती गावाच्या चौकातलं कॉफीचं दुकान बंद होत नाही, उलट गावातली म्हातारी माणसं सावकाश गप्पा मारायला मोकळी होतात. आपिरांथोस या डोंगरातल्या गावात संगमरवरी फरसबंदीच्या गल्ल्यांतून मी जवळजवळ एकटी फिरले. शाकाहारी माणसाचेही हाल होत नाहीत: चण्याची भाजी, पिवळ्या डाळीचं घट्ट फावा, उकडलेल्या रानभाज्यांवर लिंबू आणि ऑलिव्ह तेल, आणि तळलेला बटाटा, ज्याच्या चवीसाठीच मी पुन्हा जाईन. वाटेसाठी चीजचा तुकडा, पाव आणि ऑलिव्ह घेऊन ठेवायचे, कारण दोन गावांच्या मध्ये काहीही उघडं मिळेल याचा भरवसा नाही. पुढच्या अर्धगोल चेनमुळे हा डबा सॅक उपसल्याशिवाय हाताला लागायचा. साधी सोय आहे, पण वाऱ्यात उभं राहून कपडे बाहेर काढावे लागणं किती त्रासाचं असतं ते चालणाऱ्यालाच कळेल.

आता वारा. ऑक्टोबरमध्ये उन्हाळ्यातला मेल्तेमी हा उत्तरेचा वारा ओसरलेला असतो, पण दक्षिणेकडून वादळी वारे यायला लागतात आणि त्यांच्यासोबत पहिला पाऊस. नाक्सोसवरचा झास हा किक्लाडिसमधला सर्वांत उंच डोंगर, 1000 मीटरहून जरासा उंच. कळसूबाईच्या 1646 मीटरपुढे आकडा लहान वाटतो, पण इथे चढ समुद्रातून उठतो आणि माथ्यावर आडोसा काही नाही. आगिया मरिना या छोट्या चर्चपासून चढले. माथ्याकडे जाताना वाऱ्याने बाजूने ढकलायला सुरुवात केली. सॅकची उंची डोक्याच्या खाली राहिली म्हणून तोल सांभाळता आला. उंच सॅक असती तर शिडासारखी वाऱ्यात भरली असती. उतरताना डोंगरातल्या गुहेच्या बाजूची वाट घेतली. ती घसरड्या दगडांची आणि तीव्र उताराची आहे, खाली आरियाचा झरा लागतो. इथे जाळीच्या पाठीचा तोटा कळला. मधे हवेची पोकळी असल्याने सामान शरीरापासून दोन-तीन बोटं लांब राहतं आणि प्रत्येक उंच पायरीला मागे ओढतं. खांद्यावरचे भार खेचणारे छोटे पट्टे आवळले की हे कमी होतं, पूर्ण जात नाही. रतनगडच्या शिड्यांवरही हेच. जाळीमुळे पाठ मात्र कोरडी राहते. बेटावर दुपारच्या उन्हात घाम येतो आणि सावलीत वळल्याबरोबर वारा अंगाला झोंबतो, त्यामुळे ओला शर्ट पाठीला चिकटलेला नसणं फार सुखाचं होतं. तोटा धरूनही मी जाळीच्याच बाजूने आहे.

सोबत आलेलं रेनकव्हर मला पटलेलं नाही. हरिश्चंद्रगडला धुक्यापावसात त्याने बरं काम केलं होतं. नाक्सोसच्या वाऱ्यात ते फुगायचं, फडफडायचं आणि एका बाजूने सुटायचं. आतून बंदाने अडकवलेलं आहे म्हणून उडून गेलं नाही. खरं संरक्षण मिळालं ते आत घातलेल्या जाड काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीमुळे. आपल्याकडे पावसाळी ट्रेकला सगळे तीच वापरतात. सगळे कपडे त्या पिशवीत, तोंड पिळून आत दुमडायचं, बस. ऑक्टोबरअखेर हे जास्त महत्त्वाचं, कारण भिजलेलं वाळत नाही. दगडी घरांतल्या खोल्या उन्हाळ्यासाठी बांधलेल्या, बहुतेकांत गरम करायची सोय नसते, रात्री गारवा भिंतीतून येतो. शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली की सूर्य साडेपाचच्या आतच मावळतो. हेडलॅम्प कमरपट्ट्याच्या खिशात ठेवा.

आमोर्गोसला एका छोट्या फेरीबोटीने गेले. मधल्या लहान लहान बेटांना शिवत ती जाते आणि दक्षिणेचा वारा असला की चांगली हलते. आमोर्गोसवर होझोविओतिसाचा मठ पाहिला. समुद्रापासून सुमारे 300 मीटर उंचीवर कड्याला चिकटून बांधलेली ही पांढरी भिंत अकराव्या शतकातली आहे, आणि 1088 मध्ये बायझंटाइन सम्राट अलेक्सिओस कोम्निनोस याने मठाला राजाश्रय दिला. बायकांनी पॅन्टवर काहीतरी गुंडाळणं अपेक्षित असतं. सॅकच्या वरच्या कप्प्यातली ओढणी कामाला आली. मठापासून पालिया स्त्राता या जुन्या पायवाटेने बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या एगियालीच्या दिशेने निघाले. ही माझ्या संपूर्ण प्रवासातली सर्वांत सुंदर चाल. एका बाजूला खोल निळं पाणी, दुसऱ्या बाजूला दगडी बांध, मधे आस्फोन्दिलितिस ही ओस पडलेली वस्ती आणि तिथल्या दगडांवर कोरलेली माणसं. वाटेवर सावली नाही, पाणी नाही. दोन लिटर हवंच.

आणि इथेच सॅकचं खरं नुकसान झालं. बेटांवरचं झुडूप गुडघ्याएवढंच, पण काटेरी. बाजूच्या बाटलीच्या खिशांना ताणणारी जाळी आहे, ती काट्यांत अडकून दोन्हीकडे फाटली. डाव्या बाजूला तर बाटली निसटेल एवढं भोक पडलं. दोन दिवसांनी कमरपट्ट्याच्या उजव्या खिशाच्या चेनचा सरकता दातच मोकळा झाला. मुख्य कापडाला, तळाच्या जाड भागाला, बकलांना अजून काही झालेलं नाही. शिवणीही घट्ट आहेत. जिथे पैसे वाचवलेत ते जाळीत आणि छोट्या चेनमध्ये, हे उघड आहे. विकत घेताना खिसे जाळीऐवजी कापडाचे मिळत असतील तर थोडे पैसे जास्त द्या.

वॉरंटीचा अनुभव चांगला नाही. बिल, फोटो, पुन्हा फोटो, मग "झाडाझुडपांमुळे झालेलं नुकसान धरता येत नाही" असं उत्तर. डोंगरात वापरायच्या वस्तूबद्दल हे उत्तर मला अजिबात मान्य नाही, आणि तसं मी त्यांना लेखी कळवलं आहे. शेवटी पुण्यात आमच्या चौकातल्या चपला शिवणाऱ्या काकांनी खिशांना आतून नायलॉनचं कापड लावून जाड दोऱ्याने शिवलं, चेनला नवा रनर घातला. त्यानंतरच्या दोन्ही थंडीतल्या ट्रेकमध्ये एक टाकाही उसवलेला नाही.

बेटांकडे जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. परतीच्या विमानाआधी अथेन्समध्ये निदान एक दिवस मोकळा ठेवा. वारा फार वाढला की बंदर अधिकारी जहाजं थांबवतात, आणि मग बेटावर बसून राहण्यावाचून इलाज नसतो. दुसरी गोष्ट, मुक्कामावर दर रात्री वेगळा कर असतो, एप्रिल ते ऑक्टोबर जास्त आणि नोव्हेंबर ते मार्च कमी. खोलीच्या भावात तो बरेचदा धरलेला नसतो, आधी विचारा.

तंबू न्यायचा विचार असेल तर ग्रीसमध्ये कॅम्पसाइटबाहेर तंबू ठोकायला कायद्याने बंदी आहे आणि ऑक्टोबरअखेर कॅम्पसाइटही बंद व्हायला लागतात, तेव्हा त्या प्रवासाला 38 लिटरपेक्षा मोठी सॅक घेण्याचं कारण मला दिसत नाही. सह्याद्रीत मात्र मुक्कामी ट्रेकला तंबू, टोप आणि चार जणांचा शिधा तुमच्याच पाठीवर येत असेल तर ही पुरणार नाही. त्यासाठी सरळ 50 लिटरची बघा, आणि तिचेही बाटलीचे खिसे कापडाचेच घ्या.