नेटचा वेग नेमका कशाने मोजावा? पाच चाचण्यांची तुलना

2017 च्या सुरुवातीला एअरटेलने आपले नेटवर्क देशात सर्वांत वेगवान असल्याची जाहिरात केली. तिचा आधार होता ऊक्ला या कंपनीच्या स्पीडटेस्टचे निकाल. जिओने त्यावर जाहिरात मानक परिषदेकडे तक्रार केली आणि परिषदेने ती जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली. त्याच सुमारास ट्राय या दूरसंचार नियामकाच्या मायस्पीड अॅपच्या आकडेवारीत मात्र जिओ पहिल्या क्रमांकावर होते. एकाच देशातल्या, एकाच काळातल्या दोन मोजमापांनी दोन वेगवेगळे विजेते दाखवले, आणि त्यासाठी कोणी आकडे बनवले होते असे मानण्याची गरज नाही. चाचणी कोणत्या फोनवर झाली, कोणत्या सर्व्हरशी झाली आणि सरासरी कशी काढली, एवढ्यानेच निकाल फिरतो. दोन सिम असलेल्या फोनमध्ये डेटा एका सिमचा आणि नोंद दुसऱ्या सिमच्या कंपनीच्या नावावर, असा जिओचा एक आक्षेप होता. नवे कनेक्शन घेणाऱ्याने किंवा जुने सोडू पाहणाऱ्याने म्हणूनच आधी हे ठरवावे की आपल्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे.

पैसे भरलेल्या प्लॅनएवढा वेग घरापर्यंत पोहोचतो का, एवढाच प्रश्न असेल तर स्पीडटेस्ट पुरेशी आहे. ती सहसा जवळचा सर्व्हर निवडते, एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडते आणि लाइन शक्य तितकी भरून पाहते. तिचे बरेच सर्व्हर इंटरनेट कंपन्यांनीच आपापल्या जाळ्यात बसवलेले असतात, त्यामुळे डेटा कित्येकदा कंपनीच्या हद्दीबाहेर जातही नाही. यात लबाडी नाही, पण या आकड्यावरून परदेशातल्या सर्व्हरशी चालणारे ऑफिसचे काम रात्री कसे चालेल, हे कळत नाही. ऊक्लाचा व्यवसायही लक्षात ठेवावा: ग्राहकाला चाचणी फुकट मिळते, आणि तिच्यातून जमलेली माहिती कंपन्यांना विकली जाते.

नेटफ्लिक्सची फास्ट ही चाचणी 2016 पासून उपलब्ध आहे आणि ती नेटफ्लिक्सचे व्हिडिओ जिथून येतात त्याच सर्व्हरकडून डेटा मागवते. स्पीडटेस्टवर 100 एमबीपीएस (सेकंदाला 100 मेगाबिट) आणि फास्टवर 20 असा फरक वारंवार दिसत असेल, तर कंपनीच्या जाळ्यातून त्या सर्व्हरपर्यंतच्या वाटेवर कुठेतरी कोंडी आहे किंवा व्हिडिओचा वेग मुद्दाम दाबला जात आहे, असा संशय घ्यायला जागा राहते. पडद्यावर सुरुवातीला फक्त डाउनलोडचा आकडा येतो. अपलोड आणि लेटन्सी (डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ) पाहायची तर अधिक माहितीचे बटण दाबावे लागते, आणि ते बहुतेक लोक दाबत नाहीत.

माझ्या मते घरासाठी कनेक्शन निवडताना सर्वांत उपयोगी ठरते ती क्लाउडफ्लेअर या कंपनीची चाचणी. कारण ती लाइन मोकळी असतानाची लेटन्सी आणि लाइन भरलेली असतानाची लेटन्सी वेगवेगळी दाखवते, शिवाय जिटर (लेटन्सीतला चढउतार) आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवणारी पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे) हेही सांगते. घरात एकाने सुट्टीतले व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लावले की दुसऱ्याच्या मीटिंगमधला आवाज तुटू लागतो, हा अनुभव 200 एमबीपीएसच्या फायबरवरही येतो. असे होते तेव्हा बहुधा राउटरमध्ये पॅकेटांची रांग साचलेली असते, टोलनाक्यावर मोटारीमागे रुग्णवाहिकाही अडकावी तशी. मोकळ्या लाइनवर 10 मिलिसेकंद असलेली लेटन्सी भार आल्यावर 300 वर जात असेल, तर प्लॅन वाढवून फारसा फरक पडत नाही. राउटर बदलावा लागतो किंवा त्यातली रांग आवरणारी सेटिंग चालू करावी लागते. आवाजासाठी एका दिशेने 150 मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत चालण्याजोगा मानला आहे, त्यावरून या आकड्यांचा अंदाज घेता येतो.

एम-लॅब हा 2009 पासूनचा खुला संशोधन प्रकल्प आहे. त्याचे सर्व्हर मुद्दाम इंटरनेट कंपन्यांच्या जाळ्याबाहेर ठेवलेले असतात आणि चाचणी एकाच कनेक्शनवर होते, त्यामुळे वेगवान लाइनवर तिचा आकडा स्पीडटेस्टपेक्षा बराच कमी येऊ शकतो. त्याला बिघाड समजू नये. स्वतंत्रपणाच्या कसोटीवर तिला मी सर्वांत वर ठेवीन, कारण तिची पद्धत आणि सगळे निकाल कोणालाही तपासता येतात. मात्र त्या निकालांबरोबर तुमचा आयपी पत्ताही जाहीर होतो, हे मान्य असेल तरच ती वापरावी.

मोबाइलसाठी ट्रायचे मायस्पीड ठेवावे, कारण त्याचा निकाल थेट नियामकाकडे जातो. त्यातली सर्कलनिहाय (दूरसंचार सेवेच्या विभागानुसार) सरासरी पाहून सिम निवडणे मात्र धोक्याचे आहे. महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवाही येतो आणि मुंबईचे सर्कल वेगळे आहे. पुणे, पणजी आणि गडचिरोली ज्या एका आकड्यात मिसळले आहेत तो आकडा तुमच्या गल्लीबद्दल काही सांगत नाही. ट्राय गाडीतून फिरून ज्या ड्राइव्ह टेस्ट करवते त्या जास्त शिस्तीच्या असतात, पण त्या मुख्यतः रस्त्यावरच्या असतात आणि आपण फोन वापरतो जिन्यामागच्या खोलीत. शेजाऱ्याच्या सिमवर, आपल्याच घरात, रात्री नऊला घेतलेली चाचणी जास्त खरे सांगते. डेटाचेही भान ठेवावे: 400 एमबीपीएसच्या 5जीवर 15 सेकंद चाललेली चाचणी साधारण 750 एमबी खाते (8 बिटांचा 1 बाइट), म्हणजे रोजच्या दीड जीबीच्या पॅकमधला अर्धा.

कोणतीही चाचणी वायफायवर घेतली तर ती मुख्यतः वायफायचीच चाचणी होते. लॅपटॉप लॅन केबलने जोडावा, बाकीची उपकरणे बंद ठेवावीत आणि संध्याकाळी सात ते अकरा या गर्दीच्या वेळेतही मोजावे. 200 चा प्लॅन असूनही आकडा सतत 94 च्या आसपास अडकत असेल, तर कंपनीला फोन करण्यापूर्वी राउटरचा पोर्ट आणि केबल पाहावी. 100 एमबीपीएसचा पोर्ट किंवा आतल्या आठांपैकी चारच तारा जोडलेली केबल याहून जास्त देऊच शकत नाही. ब्रिटन आणि अमेरिकेच्या नियामकांनी सॅमनोज या कंपनीकरवी स्वयंसेवकांच्या घरातल्या राउटरला एक छोटे यंत्र जोडून नेमकी हीच अडचण टाळली: यंत्र केबलवर असते आणि लाइन मोकळी असतानाच मोजते. घरी तेवढी सोय नसली तरी जुना लॅपटॉप केबलने जोडून स्पीडटेस्टचे कमांड लाइन (टाइप केलेल्या आदेशाने चालणारे) साधन दर तासाला आपोआप चालवता येते, आणि आठवडाभरात हाती येणारी यादी एखाद्या स्क्रीनशॉटपेक्षा कितीतरी भक्कम पुरावा असते.

तक्रार करायची असेल तर हीच यादी जोडावी, आणि तिच्यात स्पीडटेस्टचेच आकडे द्यावेत. कंपनीच्याच सर्व्हरवरचा कमी आकडा कंपनीला झटकता येत नाही. वैयक्तिक तक्रारी ट्राय सोडवत नाही. आधी कंपनीकडून डॉकेट (तक्रार नोंदीचा) क्रमांक घ्यावा, समाधान न झाल्यास तिच्याच अपील प्राधिकरणाकडे जावे, आणि तिथेही दाद न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक मंचापुढे चालू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे.