शांततेचे पैसे दिले आणि कविता वाजली

८५ पाउंडांना गंडलो. आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना कुणाला सस्पेन्स नको.

रेकॉर्ड होती क्रास या इंग्लिश बँडची पहिली, 'द फीडिंग ऑफ द फाइव्ह थाउजंड', १९७८ ची. अनार्को-पंक, म्हणजे अराजकवादी राजकारणवालं पंक संगीत, असं जे काही प्रकरण पुढे झालं त्याची सुरुवात बरेच लोक इथूनच धरतात. नावातले पाच हजार म्हणजे प्रेसिंगवाला, म्हणजे रेकॉर्ड छापणारा, त्याहून कमी कॉपी काढायलाच तयार नव्हता, तेवढ्या खपतील असं बँडला स्वतःलाही वाटत नव्हतं. ती काढली स्मॉल वंडर नावाच्या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, आणि त्यांचं दुकान होतं वॉल्थमस्टोमध्ये, लंडनच्या या टोकाला, जिथे मी गेली चार वर्षं भाड्याने राहतोय. दुकान कधीच गेलं पण गल्लीतली वस्तू घरात हवी असा एक खुळचट हट्ट डोक्यात बसला.

आता यातली मजा ऐका, कारण फसवणूक सगळी त्याच्यावरच उभी आहे. रेकॉर्डची सुरुवात एका कवितेने व्हायची होती, 'असायलम', बँडची गायिका ईव्ह लिबर्टीनच्या आवाजात, गाणं नाहीच ते, येशूवर आणि धर्मावर संतापून बोललेली कविता आहे. आयर्लंडमधल्या प्रेसिंग कारखान्यातल्या कामगारांनी ती ऐकली आणि म्हणाले हे आम्ही छापणार नाही, देवाची निंदा आहे. मग बँडने काय करावं, तर ती कविता काढून त्या जागी नुसती शांतता ठेवली आणि त्या शांततेला नाव दिलं 'द साउंड ऑफ फ्री स्पीच'. पुढच्या वर्षी स्वतःचं लेबल काढून तीच कविता 'रिॲलिटी असायलम' म्हणून सिंगलवर, म्हणजे छोट्या रेकॉर्डवर, आणली, ४५ पेन्सला, आणि त्यावरून पोलीस त्यांच्या घरी चौकशीला गेले ते वेगळंच. नंतरच्या आवृत्तीत मूळ रेकॉर्डवरही कविता परत आली, आणि आता नवीन विनाइल रीइश्यू, म्हणजे जुनी रेकॉर्ड पुन्हा छापलेल्या कॉपी, मिळतात त्यातही ती असते.

म्हणजे हिशोब सोपा. सुई ठेवली आणि सुरुवातीला काहीच ऐकू आलं नाही तर माल अस्सल, १९७८ चा. बाई बोलायला लागली तर नंतरचा.

बायको म्हणाली, अरे ८५ पाउंड देऊन तू न वाजणारं गाणं आणतोयस? मी तिला अर्धा तास इतिहास सांगितला. तेव्हा ऐकायला हवं होतं तिचं.

विक्रेता ऑनलाइन भेटला. फोटो एकदम झकास, कव्हरचा कोपरा थोडा फाटलेला, किमतीचा जुना स्टिकर, मधल्या लेबलवर स्मॉल वंडरचं नाव, लिहिलेलं 'ओरिजिनल'. बोलायला इतका गोड की विचारू नका, स्वतः बँडच्या कार्यक्रमांना जायचो, आता घर लहान करतोय म्हणून विकतोय वगैरे. मग हळूच म्हणाला, मित्र-नातेवाईकांना पाठवतो त्या ऑप्शनने पैसे पाठव ना, फी वाचेल, पोस्टेज मी भरतो. आणि मी पाठवले! रोज ऑफिसमध्ये लोकांना फिशिंगच्या ईमेलवर लेक्चर देणारा मी, चार पाउंड वाचवायला ८५ घालवले, आमची आजी म्हणायची तसं हात दाखवून अवलक्षण.

पार्सल आलं. कव्हर कोरं करकरीत, नव्या पुस्तकाचा येतो तसा शाईचा वास. कोपरा शाबूत, म्हणजे फोटोतलं हे नाहीच. मागे बारकोडचा स्टिकर खरवडून काढल्यावर राहतो तसा चिकट चौकोन, अहो १९७८ ला कुठला बारकोड. तरी मी स्वतःला समजावतोय की कुणीतरी फार जपून ठेवलं असेल. सुई ठेवली. आणि बाई बोलायला लागली.

त्याला मेसेज केला तर उत्तर काय, 'ओरिजिनल म्हणजे ओरिजिनल डिझाइन, प्रेसिंग कुठलं ते तू विचारलं नाहीस.' मग ब्लॉक. पैसे पाठवणाऱ्या कंपनीने सांगितलं की त्या ऑप्शनला खरेदीचं संरक्षण नाही, आम्ही काही करू शकत नाही. इथे क्रेडिट कार्डला कलम ७५ असतं, म्हणजे विक्रेत्याने फसवलं तर कार्ड कंपनीही जबाबदार, पण ते १०० पाउंडांच्या वरच्या वस्तूला, आणि असे मधल्या मार्गाने पाठवले की तिथेही भांडणं होतात. बहुतेक किंमत ८५ ठेवण्यामागे हेच असावं, पण हा माझा अंदाज.

मग शहाणपण आलं. फोटो इमेज सर्चला टाकला तर तो दुसऱ्याच एका माणसाच्या जुन्या जाहिरातीतला निघाला, तोच फाटका कोपरा. दहा सेकंदांचं काम, पैसे देण्याआधी केलं असतं तर. आता मी कुठल्याही विक्रेत्याला आधी म्हणतो, रेकॉर्डच्या मधल्या लेबलशेजारी आजच्या तारखेची चिठ्ठी ठेवून फोटो पाठव, लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेली अक्षरं वाचता येतील असा दुसरा पाठव, आणि या रेकॉर्डच्या बाबतीत तर सुई ठेवतानाचा व्हिडिओच मागतो, पहिलं अर्धं मिनिट पुरे. खरा विकणारा कुरकुरतो पण पाठवतो. लंडनमध्ये असाल तर सरळ जाऊन हातात घेऊन बघा, रोख द्या.

रीइश्यू वाईट आहे असं नाही हं. वीस-पंचवीस पाउंडांना दुकानात मिळते, आवाज स्वच्छ, आणि बँडला जी कविता हवी होती ती जागेवर आहे. क्रासच्या कव्हरवर यापेक्षा जास्त पैसे देऊ नका म्हणून किंमत छापलेली असायची, हे मला माहीत होतं, चांगलं माहीत होतं.

काल रात्री नवीन नावाचं अकाउंट दिसलं. तोच फोटो, तोच फाटका कोपरा, 'ओरिजिनल'. यावेळी ९५.