‘चार लाइनचा फोन’ घेताना: छोट्या ऑफिससाठी तीन पर्याय शेजारी-शेजारी

फोनच्या खोक्यावर ‘४ लाइन’ छापलेलं असतं, पण प्रत्येक खोक्यावर त्याचा अर्थ एकच नसतो. अ‍ॅनालॉग फोनवर त्याचा अर्थ भिंतीतून आलेल्या तारांच्या चार जोड्या, म्हणजे चार वेगळे नंबर. आयपी फोनवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर चालणाऱ्या फोनवर, तेच शब्द चार खात्यांबद्दल (सेवेत नोंदलेल्या चार नंबरांबद्दल) असतात, किंवा नुसत्या चार बटणांबद्दल. तिथे एकाच नंबरवर दोन-तीन कॉल एका वेळी घेता येतात. हा फरक न कळता केलेली खरेदी हमखास फसते.

म्हणून माणसं मोजू नका, एका वेळी चालणारे कॉल मोजा. आठवडाभर फोनशेजारी कागद ठेवा आणि दुसरा, तिसरा कॉल एकाच वेळी कधी चालू होता त्याची नोंद करा. फॅक्स किंवा कार्ड मशीन त्याच लाइनवर असेल तर तेही धरा. सहा जणांच्या ऑफिसला दोन लाइन पुरतात असं या कागदावरून बरेचदा दिसतं.

पहिला पर्याय दोन किंवा चार लाइनचा अ‍ॅनालॉग फोन. मध्ये कुठलाही डबा नाही. सगळ्या लाइन प्रत्येक टेबलापर्यंत न्यायच्या. दुसरा पर्याय छोटा ईपीएबीएक्स: बाहेरच्या लाइन भिंतीवरच्या डब्यात येतात आणि टेबलांवर साधे एक्स्टेन्शन फोन राहतात. तिसरा आयपी फोन.

या तिघांतला सगळ्यात मोठा फरक मला होल्डचा वाटतो, आणि माहितीपत्रकात त्याबद्दल क्वचितच काही असतं. अ‍ॅनालॉग फोनवर कुणी कॉल होल्डवर ठेवला की त्या लाइनचा दिवा सगळ्या टेबलांवर लुकलुकतो. ‘दोनवर तुमचा फोन आहे’ एवढं म्हटलं की समोरचा बटण दाबतो आणि बोलायला लागतो. काही शिकवावं लागत नाही. ईपीएबीएक्सवर ‘फ्लॅश’ बटण दाबून एक्स्टेन्शनचा नंबर फिरवावा लागतो. आयपी फोनवर होल्ड केलेला कॉल सहसा त्याच फोनपाशी थांबतो. दुसऱ्या टेबलावर घ्यायचा तर तो ट्रान्सफर तरी करावा लागतो, नाहीतर पार्क तरी, म्हणजे कुठल्याही टेबलावरून उचलता येईल असा सामायिक जागी ठेवावा लागतो. अ‍ॅनालॉगसारखी सामायिक लाइन आयपीवरही मिळू शकते, पण फोन आणि सेवा दोघांनीही ती दिली पाहिजे. विकत घेण्याआधी ती चालू करून दाखवायला सांगा. चार जण एका खोलीत बसत असतील तर लुकलुकणाऱ्या दिव्यासारखी सोय नाही. माणसं वेगळ्या मजल्यांवर किंवा घरून काम करत असतील तर त्या दिव्याचा उपयोग फारसा उरत नाही.

अ‍ॅनालॉगची खरी डोकेदुखी वायरिंगची. दोन लाइन एका लहान सॉकेटमधून येऊ शकतात: मधली जोडी पहिल्या लाइनची, बाहेरची दुसरीची. पण साध्या फोनच्या वायरीत बरेचदा दोनच तारा असतात, आणि ती वायर लावली की दुसरी लाइन मुकी राहते. फोन बिघडलाय असं समजून तो परत करण्याआधी वायरीच्या टोकाकडे निरखून बघा. तिथे चार तारा दिसल्या पाहिजेत. शिवाय इंटरकॉम आणि ट्रान्सफर चालायला सगळे फोन सहसा एकाच कंपनीचे, एकाच मालिकेचे लागतात. ते मॉडेल बंद झालं की पाचवा फोन मिळणं कठीण.

वीज गेल्यावर काय होतं हेही बघा. एक्स्चेंजकडून तांब्याच्या तारेवर सुमारे ४८ व्होल्ट डीसी येतो, त्यावर साधा फोन चालतो. अनेक लाइनच्या फोनला मात्र बहुतेक वेळा अ‍ॅडॉप्टर लागतो. काही मॉडेल वीज नसताना फक्त पहिल्या लाइनवर बोलू देतात. आयपी फोनला नेटवर्कच्याच वायरीतून वीज देता येते. त्यासाठी पीओई स्विच (नेटवर्कच्या वायरीतून वीजही देणारा डबा) घ्या आणि तो स्विच व राउटर, दोन्ही यूपीएसवर ठेवा. मग टेबलावरचे अ‍ॅडॉप्टरही जातात.

आवाजात आयपी सरस ठरू शकतो. जुन्या टेलिफोनचा आवाज ३०० ते ३,४०० हर्ट्झच्या पट्ट्यात बसवलेला असतो, जी.७२२ कोडेक (आवाज डिजिटल करून पाठवायची एक पद्धत) ७,००० हर्ट्झपर्यंत जातो, त्यामुळे ‘स’ आणि ‘फ’ वेगळे ऐकू येतात. अट एकच, दोन्ही टोकांना आणि मधल्या सगळ्या वाटेवर ती सोय हवी. इंटरनेटचा वेग फार लागत नाही. जी.७११ कोडेकवर एका कॉलला प्रत्येक दिशेने सेकंदाला सुमारे ९० किलोबिट पुरतात, पण जोडणी स्थिर हवी. फोनमधून पुढे कॉम्प्युटर जोडणार असाल तर गिगाबिट पोर्टचाच फोन घ्या, नाहीतर त्या कॉम्प्युटरचा वेग १०० मेगाबिटवर अडकेल.

माझं मत सांगते. तांब्याच्या दोन लाइन आधीच आहेत, खोली एक आहे आणि माणसं वाढणार नाहीत, तर दोन लाइनचा अ‍ॅनालॉग फोन घ्या. भिंतींतून जुनी टेलिफोनची वायर सगळीकडे फिरलेली असेल आणि साधे फोन हाताशी असतील तर ईपीएबीएक्स. ऑफिस नव्याने मांडत असाल तर मी आयपीच घेईन, कारण अनेक देशांत तांब्यावरची टेलिफोन सेवाच गुंडाळली जात आहे. ब्रिटनने त्यासाठी जानेवारी २०२७ ची मुदत ठरवली आहे.

दिवसभर बोलणाऱ्यांनी हेडसेटचं भोक आधी तपासावं. रिसीव्हरसारख्या चौकोनी प्लगचे हेडसेट दिसायला सारखे असले तरी आतली जोडणी कंपनीगणिक बदलते. आणि आयपीकडे जाताना जुना नंबर ठेवायचा असेल तर तो नव्या सेवेवर येऊन त्यावर एक कॉल घेतल्याशिवाय जुनी लाइन बंद करायला सांगू नका. लाइन आधी तुटली तर नंबर परत मिळेलच असं नाही.