तांब्याची तार की ॲल्युमिनियमची?

भिंतीतल्या वायरिंगला तांबं घ्या. बाहेरून मुख्य बोर्डापर्यंत येणारी केबल लांब आणि जाड असेल, तर ॲल्युमिनियम चालेल. तारेपेक्षा तिच्या टोकांचा प्रश्न मोठा आहे.

ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के. त्यामुळे तांब्याच्या २.५ चौ. मिमी तारेऐवजी ॲल्युमिनियमची ४ चौ. मिमी लागते. तरीही वजन निम्मंच भरतं, म्हणून मनोऱ्यांवरच्या वाहिन्या ॲल्युमिनियमच्या असतात. जाडी मात्र तीच ठेवून धातू बदलला तर गणित बिघडतं: २० मीटर अंतर, १५ अँपिअर भार, २.५ चौ. मिमी तार, तांब्यात सुमारे साडेचार व्होल्टची घट, ॲल्युमिनियममध्ये सव्वासात.

आता जोड. ॲल्युमिनियम हवेत आलं की क्षणात त्यावर ऑक्साइडचा थर धरतो, आणि तो वीज वाहू देत नाही. शिवाय धातू मऊ. स्क्रूखाली दाबला की हळूहळू सरकतो. तापल्यावर तो तांब्यापेक्षा सुमारे ४० टक्के जास्त फुगतो. जोड सैल, मग रोध, मग उष्णता, मग आणखी सैल. सॉकेट पिवळं पडणं, दिवा लुकलुकणं, जळका वास ही त्याची चिन्हं. दोन्ही धातू थेट पिळून वर टेप गुंडाळणं तर सर्वात वाईट, कारण ओल लागली की ॲल्युमिनियम झिजतं.

ॲल्युमिनियम वापरायचंच तर इन्सुलेशन सोलताना तारेला खाच पडू देऊ नका. खाचेपाशी ती दोन-तीन वाकवण्यांत तुटते. टोक तारेच्या ब्रशने घासा (तांब्यावर वापरलेला ब्रश नको), लगेच जोडाची पेस्ट (ऑक्साइड पुन्हा धरू न देणारी) लावा, बायमेटल लग (एका बाजूला ॲल्युमिनियम आणि दुसऱ्या बाजूला तांबं असलेलं जोडटोक) योग्य साच्यात दाबा आणि बोल्ट उत्पादकाने दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या पिळाने) आवळा. 'आणखी थोडं घट्ट' करण्याच्या नादात मऊ धातू चेपतो.

तांब्याच्या नावाने तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही विकली जाते. एक धागा ब्लेडने खरवडा: आत चंदेरी निघालं तर ती नको. उलट बाहेरून चंदेरी आणि आत लालसर असेल, तर ते कल्हई केलेलं तांबं. ते बिनधास्त घ्या.