पणजोबा 'स्कॉलर' निघाले आणि माझे एकतीस हजार गेले

लिहू की नको असं तीन महिने चाललं होतं, कारण ह्यात माझा मूर्खपणा एवढा आहे की घरच्यांना पण अर्धंच सांगितलंय. पण परवा ओळखीतल्या एका काकूंनी विचारलं, अगं ती वंशवृक्षाची फ्रेम कोणाकडून करून घेतलीस, आम्हाला पण आमचं मूळ गाव शोधायचंय, नंबर दे ना. तेव्हा म्हटलं आता बस झालं, लिहायलाच पाहिजे.

आम्ही मराठी बोलणारे कॅथलिक. म्हणजे लोक आडनाव ऐकून "गोव्याचे का?" विचारतात आणि आम्ही "नाही हो, वसईकडचे" म्हणतो, ते आम्ही. पण वसईकडचे म्हणजे नक्की कुठले हे आमच्या घरात कोणालाच माहीत नाही. बाबांचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा, बीबीसीआय (आताची वेस्टर्न) रेल्वेच्या परळ वर्कशॉपमध्ये लोहारखात्यात घण मारायचे, चाळीत एका खोलीत आठ माणसं, एवढंच ऐकलेलं. गाव कुठलं विचारलं की आजी म्हणायची "खाडीपलीकडचं". आता मुंबईतून निघालात तर अख्खी वसईच खाडीपलीकडे येते. पणजोबांचं नाव इथे लिहीत नाही, आणि लिहून उपयोग पण नाही, कारण तेच नाव आणि तेच आडनाव असलेली माणसं वसईतल्या पापडीत पण सापडतील, गासला पण, नंदाखालला पण. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाबांना पंच्याहत्तर पूर्ण होणार होती आणि त्यांचं एकच पालुपद, "मरायच्या आधी एकदा आज्याचं गाव बघायचंय." मी फेसबुकवर शोधत बसायचे. तिथे एक माणूस भेटला, "घराण्याचा इतिहास शोधून देतो, चर्च रेकॉर्ड, सेन्सस रेकॉर्ड, लंडन रेकॉर्ड". बोलायला अतिशय गोड. मराठी स्वच्छ, मध्येच आमच्या बोलीतले दोन शब्द टाकायचा. पहिल्या फोनला पैशाचं नाव काढलं नाही, उलट तासभर मलाच प्रश्न विचारले. आजीचं माहेर कुठलं, लग्न कुठल्या चर्चमध्ये, पणजोबा काय काम करायचे, भावंडं किती. मला वाटलं केवढा अभ्यासू माणूस आहे! नंतर कळलं की त्याने जे जे "शोधून" दिलं ते सगळं मीच त्या तासाभरात त्याला सांगितलेलं होतं, फक्त गावाचं नाव तेवढं त्याने स्वतःचं घातलं.

पैसे कसे गेले ते सांगते. आधी ५,००० ॲडव्हान्स. मग ८,५०० चर्चची सर्च फी, म्हणे फादर लोक असंच रजिस्टर उघडत नाहीत. मग १२,००० लंडनच्या कॉपीसाठी, कारण "ब्रिटिशांनी सगळं लंडनला नेलंय ना मॅडम". शेवटी ६,००० फ्रेम आणि वंशवृक्षाचे. झाले ३१,५००. प्रत्येक वेळी यूपीआय वेगळ्या नावावर, एकदा तर कुठल्यातरी मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानाच्या नावावर, तेव्हाच कळायला हवं होतं पण विचारलं की म्हणायचा अकाउंटला लिमिट आलंय.

दोन महिन्यांनी मिळालं काय, तर एक १८८१ च्या सेन्ससचं पान, एक १८७६ सालचं बाप्तिस्म्याच्या वहीचं पान, दोन्ही पीडीएफ, आणि सोनेरी बॉर्डरची फ्रेम. सेन्ससच्या पानात पणजोबांचे वडील "मिल हँड", राहणार भायखळा, आणि खाली पाच वर्षांचे आमचे पणजोबा, धंद्याच्या रकान्यात "स्कॉलर". बाबांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा काय सांगू. "आमचा आजा स्कॉलर होता!" चाळीतल्या जुन्या भाडेपावतीवर त्याच आज्याचा अंगठा आहे, सही नाही, ती पावती आमच्या कपाटात आहे, मी स्वतः शंभर वेळा बघितलीय. तरी त्या क्षणाला मला पण ते खरं वाटलं. हवं असतं ना ते पटकन खरं वाटतं.

आम्ही गाडी करून त्या गावाला गेलो, आठ जण. त्याने सांगितलेल्या आळीत आमच्या आडनावाचं घर होतं (असणारच, वसईत ठरावीकच आडनावं), त्या लोकांनी बिचाऱ्यांनी जेवायला घातलं, बाबांनी त्यांच्या थडग्यावर मेणबत्त्या लावल्या आणि रडले. हे आठवलं की पैशापेक्षा जास्त राग ह्याचा येतो.

मग त्या फेसबुकवाल्याला हाव सुटली. म्हणाला वसई पोर्तुगीजांची होती, तुमचे पूर्वज पोर्तुगीज प्रजा, हे पेपर्स असले की पोर्तुगालचा पासपोर्ट, फाईलचे ४५,०००. माझा चुलतभाऊ उडालाच, लगेच युरोप. पण त्याची बायको गोव्याची, तिच्या माहेरच्यांनी पोर्तुगालच्या पासपोर्टसाठी ते लिस्बनला जन्म नोंदवायचं प्रकरण केलेलं. ती म्हणाली, अरे वेड्या, ते गोवा, दमण, दीवचं आहे, जे १९६१ पर्यंत त्यांच्याकडे होतं. वसई चिमाजी अप्पांनी १७३९ ला घेतली, पावणेतीनशेच्या वर वर्षं झाली, तुला कोण पासपोर्ट देतंय! तिथे पहिल्यांदा माझ्या पोटात गोळा आला. आणि मग मी ते सेन्ससचं पान पैसे दिलेल्या माणसाच्या नजरेने नाही तर नीट डोळे उघडून बघितलं.

आता हे जरा सविस्तर सांगते कारण हाच भाग तुमच्या उपयोगाचा आहे.

पहिली गोष्ट, भारतात असं पान नसतंच. इंग्लंडमध्ये प्रत्येक घराची माहिती लिहिलेल्या सेन्ससच्या वह्या जपून ठेवल्यात आणि शंभर वर्षांनी लोकांना बघायला खुल्या करतात, १९२१ च्या तर २०२२ मध्ये खुल्या केल्या, त्यामुळे तिकडचा गिरणी कामगार असो की खाणीतला, त्याचा नातू घरबसल्या आजोबा कुठे जन्मले ते शोधतो. आपल्याकडे घरोघरची पत्रकं आकडे काढून झाले की ठेवलीच नाहीत, उरलेत ते रिपोर्ट आणि तक्ते, इतके हिंदू, इतके ख्रिस्ती, इतके विणकर. आणि १९४८ च्या जनगणना कायद्यात कलम १५ आहे, त्याप्रमाणे एका माणसाची नोंद कोणाला बघायला देतच नाहीत. म्हणजे "१८८१ च्या सेन्ससमधून तुमचे पणजोबा काढून देतो" हे वाक्य ऐकलं की फोन ठेवायचा, विषय संपला.

मग माझ्याकडचं पान कुठलं? तर इंग्लंडचं. मी नेटवर तिकडचा १८८१ चा फॉर्म काढला आणि शेजारी ठेवला, रकाने तेच, कुटुंबप्रमुखाशी नातं, विवाहित की नाही, वय, धंदा, जन्म कुठे, आणि शेवटी आंधळा-बहिरा-वेडा. तारीख पण त्यांचीच ठेवलेली, ३ एप्रिल १८८१. आपल्याकडची शिरगणती त्या साली १७ फेब्रुवारीला झाली होती. आणि सगळ्यात मोठं म्हणजे त्या पानावर धर्माचा रकानाच नाही! इंग्रज स्वतःच्या देशात तेव्हा धर्म विचारत नव्हते, पण इथे धर्म, जात, मातृभाषा सगळं विचारलं. हिंदुस्थानातली शिरगणती आणि जात-धर्म विचारला नाही, हे शक्य तरी आहे का? तो "स्कॉलर" पण तिथलाच, शाळेत जाणाऱ्या कुठल्याही पोराच्या नावापुढे तिकडे स्कॉलर लिहायचे. कुणा इंग्रज मजुराचं कुटुंब खोडून त्याच्या जागी आमचं बसवलं होतं. कोण होते बिचारे काय माहीत.

बाप्तिस्म्याचं पान मी आमच्या चर्चच्या ऑफिसमध्ये नेलं. तिथले फादर वयस्कर, चष्मा वर करून बघितलं आणि हसायलाच लागले. १८७६ च्या पानावर इंग्रजीत "ईस्ट इंडियन कम्युनिटी" लिहिलेलं. हे नाव आपल्या लोकांनी घेतलं १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वेळी असोसिएशन काढली तेव्हा, कारण गोव्याच्या लोकांपासून वेगळं ओळखलं जावं. म्हणजे अकरा वर्षं आधीच वही लिहिणाऱ्या फादरांना स्वप्न पडलं होतं. आणि पानाच्या कोपऱ्यात शिक्का वसई धर्मप्रांताचा, जो मुंबईपासून वेगळा झाला १९९८ मध्ये. आजच्या तारखेच्या दाखल्यावर तो शिक्का असेल तर ठीक, पण हे म्हणे मूळ वहीचं स्कॅन!

लंडनचं पण सांगून टाकते. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदांत मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं ह्यांच्या नोंदी खरंच आहेत, पण त्या मुख्यतः युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या. परळच्या वर्कशॉपातल्या घणवाल्यासाठी कोणी लंडनला कॉपी पाठवत नव्हतं. १२,००० रुपये!

फादर मला रागावले नाहीत, फक्त म्हणाले की बाळा, तू लंडनला गेलीस, आधी पणजोबांचं लग्न कुठल्या चर्चमध्ये झालं तिथे का नाही गेलीस? आणि एक सांगितलं जे मला कोणी आधी सांगायला हवं होतं, की मुंबईत तेव्हा दोन वेगळे कारभार होते, काही चर्च पोर्तुगालच्या हक्काखालची, पाद्रोआदो, आणि काही थेट रोमची, प्रोपगंडा, हे १९२८ पर्यंत चाललं. त्यामुळे घराजवळचं चर्च ते आपलं चर्च असं धरून चालू नका, दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या चर्चच्या वहीत नाव निघतं.

दोन महिने थांबले, अर्ज दिला, आधार कार्ड दिलं, आजोबांचा दाखला दिला. वही हातात देत नाहीत, तिथले एक काका पानं उलटतात आणि आपण बघायचं, आणि तेच बरोबर आहे. १९०२ चं लग्न सापडलं. सगळं पोर्तुगीजमध्ये, अमक्याचा मुलगा, राहणार इथला, मूळचा तिथला. पणजोबांच्या वडिलांचं नाव होतं आणि ते फ्रेममधलं नाव नव्हतंच. गावाच्या नावावर नेमकी कसर लागलेली, पहिलं अक्षर आणि शेवटची वेलांटीसारखी एक रेघ, बास. काका म्हणाले दोन गावं असू शकतात. दोन्हीकडे अर्ज टाकलाय. ह्या सगळ्याची फी काही नाही, मीच पेटीत पाचशे टाकले.

सध्या कुणबी नोंदींमुळे सगळ्यांना नमुना १४ (गावची जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) आणि मोडी वाचणारे माहीत झालेत, तिथे पण हेच चालू असणार ह्याची मला खात्री आहे. कोणी नुसता फोटो दिला तर तो कुठल्या ऑफिसातला, कुठल्या वहीतला, कितवं पान हे विचारा, आणि ते पान स्वतः जाऊन बघता येईल का ते विचारा. आमच्या माणसाला मी शेवटी हेच विचारलं, पान नंबर काय. दोन निळ्या टिका आल्या आणि मग डीपी गायब. सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या हेल्पलाईनला फोन केला, ऑनलाईन तक्रार पण टाकली. पोलीस स्टेशनला साहेब म्हणाले मॅडम तुम्ही स्वतःहून पैसे पाठवलेत, वस्तू पण मिळालीय, बघू. बघतायत.

बाबांना सेन्ससचं सांगितलं, पानावरचा इंग्रज समजावून सांगितला. ते "बरं" म्हणाले. फ्रेम अजून भिंतीवर आहे, काढू देत नाहीत.

आणि ते ज्यांच्याकडे जेवून आलो ते लोक. गेल्या महिन्यात त्यांच्या सुनेचा फोन आला, बाबांना काका म्हणते ती, सुकेळी पाठवलीत, पोचली का म्हणून. पोचली होती. त्यांना आम्ही अजून काही सांगितलेलं नाही.