कानमन आधी वाचायचं की हेन्रिक?

माणसं अशी का वागतात यावर काहीतरी वाचायचंय म्हटलं की बहुतेक जण डोळे झाकून मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमनचं 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' (2011) सांगतात. पुस्तक भारीच आहे, वादच नाही. पण तुम्हाला एका समाजातली माणसं दुसऱ्यापेक्षा वेगळी का वागतात हे हवं असेल तर मी म्हणेन आधी मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ हेन्रिकचं 'द विअर्डेस्ट पीपल इन द वर्ल्ड' (2020) घ्या.

कानमनची गंमत अशी की तो वाचणाऱ्यालाच घाईत चुकताना पकडतो. बॅट आणि बॉल मिळून 1.10 डॉलर, बॅट बॉलपेक्षा 1 डॉलरने महाग, तर बॉल केवढ्याला? तोंडातून 10 सेंट निघूनच जातं (उत्तर 5 आहे, करून बघा). धडे छोटे, लोकलमध्ये एकेक उरकतो. फक्त प्रायमिंगचा (म्हणजे नकळत कानावर-डोळ्यांवर पडलेल्या गोष्टींनी आपलं वागणं बदलतं, याचा) धडा जपून वाचा, त्यातले बरेच प्रयोग नंतर परत केले तेव्हा टिकले नाहीत, आणि मोजक्याच लोकांवर केलेल्या प्रयोगांवर आपण जास्तच भरवसा ठेवला हे 2017 मध्ये कानमनने स्वतःच मान्य केलं. असं किती लेखक करतात?

पण यातला 'माणूस' म्हणजे बऱ्याचदा अमेरिकेतला नाहीतर इस्रायलमधला कॉलेजचा पोरगा असतो, आणि हेन्रिक नेमकं तिथंच बोट ठेवतो. तो पेरूच्या जंगलात माचिगेंगा लोकांकडे एक खेळ घेऊन गेला होता. एकाला पैसे द्यायचे, त्यातले किती दुसऱ्याला द्यायचे ते त्याने ठरवायचं, दुसऱ्याने नको म्हटलं तर दोघांनाही भोपळा. अमेरिकेत लोक साधारण निम्म्याच्या आसपास देतात, फार कमी दिलं तर समोरचा चिडून लाथाडतो. माचिगेंगांनी सरासरी 26 टक्के दिले आणि घेणाऱ्यांनी जवळपास सगळ्यांनी गुपचूप घेतले, फुकटचे मिळतायत तर नाही का म्हणायचं!

मग तो विचारतो की पाश्चात्य माणूसच असा वेगळा का झाला, आणि त्याचं उत्तर आहे चर्च. चर्चने शेकडो वर्षं चुलत-मामे भावंडांच्या लग्नांवर बंदी घातली, त्यातून भावकी मोडली, आणि माणसाला अनोळखी लोकांवर विश्वास टाकून जगावं लागलं. आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत अजून विस्मरणात गेलेली नाही, त्यामुळे हा भाग मराठी वाचकाला जास्तच भिडतो. इथे इरावती कर्व्यांचं 1953 चं 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' हाताशी असेल तर सोन्याहून पिवळं, कारण भारतात कुठल्या भागात कोणाशी लग्न चालतं ते बाईंनी तपशिलात मांडलंय.

हेन्रिकचा त्रास म्हणजे पुस्तक जाडजूड, तक्त्यांवर तक्ते, आणि एवढा मोठा इतिहास एकाच खुंटीला टांगलाय, ते सगळ्या इतिहासकारांना पटत नाही. मलाही पूर्ण पटलेलं नाही.

कंपनीच्या कामासाठी परदेशात (ऑनसाइट) जाताय, जर्मन मॅनेजर तोंडावर चुका का काढतो एवढंच कळायला हवंय? मग दोन्ही सोडा, एरिन मायरचं 'द कल्चर मॅप' (2014) वाचा, वीकेंडला संपेल. ढोबळ आहे, अख्ख्या देशाला पट्टीवरच्या एकेका ठिपक्यात बसवतं, पण कामापुरतं चालतं.

हेन्रिक विकत घ्यायच्या आधी सुरुवातीचं प्रकरण सॅम्पलमध्ये वाचून बघा. वाचायला शिकल्याने मेंदू कसा बदलतो आणि प्रोटेस्टंट देशांत साक्षरता का पसरली, यावर आहे ते. तिथेच कंटाळा आला तर सरळ कानमन.