वर्गातच की वेगळ्या खोलीत? विशेष शिक्षकांची तासिका कुठे ठेवावी

जूनमध्ये वेळापत्रक लावताना हा प्रश्न हमखास येतो. बौद्धिक अक्षमता असलेलं मूल चौथीच्या वर्गात बसतं, विशेष शिक्षक आठवड्यातून दोनदा शाळेत येतात. त्या दोन दिवशी मुलाला संसाधन कक्षात, म्हणजे विशेष शिकवणीच्या वेगळ्या खोलीत न्यायचं, की विशेष शिक्षकांनीच त्याच्या वर्गात यायचं? विशेष शाळा की साधी शाळा, ही निवड २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मुलाकडे सोपवली आहे आणि ती घरच्यांनी केलेली आहे, असं इथे धरलं आहे. प्रश्न फक्त खोलीचा आहे.

खोलीची बाजू हलकी नाही. पँटचं बटण लावणं, लघवीला जायचंय हे खुणेने सांगणं, या गोष्टी चाळीस मुलांसमोर शिकवू नयेत. मुलाला काय येतं याची सुरुवातीची पडताळणीही तिथेच नीट होते, कारण शेजारच्याचं बघून दिलेलं उत्तर आपल्याला फसवत नाही. गोंगाटाने कान झाकून घेणाऱ्या मुलाला तर पहिले काही आठवडे शांत कोपरा लागतोच.

अडतं ते परत येताना. तासिका पस्तीस मिनिटांची. मुलाला उठवून न्यायचं, चप्पल, व्हरांडा, खोलीत बसून हात स्थिर होणं, यात आठ-दहा मिनिटं जातात. शिकवणं वीसेक मिनिटं होतं. मग ते वर्गात परततं तेव्हा पुढचा तास सुरू झालेला असतो, फळ्यावर अर्धं गणित असतं, कोणतं पान उघडायचं ते कुणी सांगत नाही. ‘बस’ एवढंच ऐकू येतं. इतर मुलं असा तुटलेला धागा अंदाजाने जोडून घेतात. या मुलाला नेमकं तेच जमत नाही. म्हणून ते दप्तर उघडून बंद करत राहतं, आणि त्याचाच ‘वर्गात त्रास देतं’ हा शेरा बनतो. मोजमाप कुणी ठेवत नाही, पण माझ्या अनुभवात खोलीत मिळालेल्या वीस मिनिटांइतकाच वेळ या जाण्या-येण्यात आणि परतल्यावर धागा सापडेपर्यंत जातो. एवढ्या एका गोष्टीमुळे माझा कल वर्गाकडे झुकला.

वर्गात बसून शिकवायचं म्हणजे चौथीच्या मुलाच्या हाती पहिलीचं पुस्तक देणं नव्हे. धडा तोच, उद्दिष्ट एकच आणि लहान. वजनमापाचा पाठ घ्या. वर्ग किलोचे ग्रॅम करतोय. या मुलाने पाव किलो शेंगदाणे तोलायचे. दोन पारड्यांचा तराजू घ्या, आकडे दाखवणारा नको, कारण आकड्यात समतोल दिसत नाही. कृतीचे पाच तुकडे करा: वजन एका पारड्यात ठेवणं, दुसऱ्यात वाटीने दाणे ओतणं, वजनाचं पारडं हललं की थांबणं, चमच्याने थोडे थोडे टाकणं, पारडी समान झाली की ‘झालं’ म्हणणं. शिकवायचं शेवटाकडून. आधी चार टप्पे आपण करायचे आणि शेवटचा मुलाने. मग शेवटचे दोन मुलाने. पहिल्याच दिवशी काम पूर्ण झाल्याचं त्याला दिसतं. चूक बहुधा तिसऱ्या टप्प्यावर होते: नजर वाटीवर असते, काट्यावर नाही, म्हणून ओतणं थांबत नाही. काट्याला लाल टिकली चिकटवा आणि वाटी लहान घ्या. आधार आधी कोपराला हात, मग बोट दाखवणं, मग नुसतं थांबणं, असा कमी करत न्यावा. पाच प्रयत्नांत चार बरोबर, असं सलग तीन वेळा आलं की पुढचं उद्दिष्ट.

सोलापुरात वर्गाच्या बाजूने आणखी एक गोष्ट बोलते. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू आहे, अक्कलकोटकडे कन्नड. मराठीतलं ‘पंचवीस’ पाच आधी उच्चारतं आणि लिहिताना दोन आधी येतो; या मुलांचा ५२ तिथेच होतो. तेलुगूत ‘इरवै ऐदु’, कन्नडमध्ये ‘इप्पत्तैदु’, म्हणजे वीस आधी, पाच नंतर. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात आणलेल्या ‘वीस पाच’चा क्रमही हाच. विशेष शिक्षकांना तेलुगू येत नसलं तरी शेजारच्या बाकावरच्या मित्राला येतं, आणि तो मित्र खोलीत नसतो. फक्त जोडीदार दर पंधरवड्याला बदला. एकच मूल कायम ठेवलं की ते मदत करत नाही, परस्पर उत्तर लिहून टाकतं.

वर्गातली पद्धत बिघडते ती मोठ्यांमुळे. विशेष शिक्षक मुलाला खेटून बसले, सतत कानाशी बोलत राहिले, तर ते मूल वर्गशिक्षकांकडे बघणंच सोडतं. मग वर्गात राहूनही त्याची वेगळी खोली झालेली असते. हातभर मागे बसावं, सूचना वर्गशिक्षकांनीच द्यावी, मनात पाचपर्यंत मोजावं आणि मगच मदत करावी. आजूबाजूच्या दोन-तीन मुलांच्या वह्याही बघाव्यात. आणि आदल्या दिवशी दोन्ही शिक्षकांनी दहा मिनिटं बसून उद्दिष्ट ठरवलं नसेल, तर या पद्धतीचा फारसा उपयोग नाही. ज्या शाळेत ही दहा मिनिटं खरोखरच निघत नाहीत, तिथे खोली बरी, हेही मान्य करायला हवं.

खोली ठेवायचीच असेल तर ती परिपाठाच्या लगेच नंतरच्या तासिकेला ठेवा आणि मुलाला घंटेबरोबरच परत आणा, तास अर्धा झाल्यावर नको. पुढच्या तासाचं पान आधीच उघडून त्यात खूण घालून द्या. बटण, चप्पल, हात धुणं यांचा सराव मधल्या सुट्टीत पोषण आहाराच्या आधी घेतला, तर त्यासाठी वेगळी तासिका लागत नाही.